‘ग्रुपवर टाकलं होतं’: शाळेचा निरोप घरी पोचतो का तुमच्याकडे?

पाणंदवाट | १८ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले, पाऊसही लागलाय. गेल्या वर्षापासून मनात साचलेलं आज लिहून टाकते.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात राहतो. माझा मुलगा इथल्याच अनुदानित हायस्कुलात, यंदा सातवीला. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कुटुंब आहे. त्यांच्या लेकीला मी बाय म्हणते, इथेही तेच लिहिते. बाय गेल्या वर्षी आठवीत होती, वर्गात पहिल्या तिघींत. वडील लाँचवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यात. घरात दोन फोन. आईकडे बटणांचा, वडिलांकडे स्मार्टफोन. शाळेच्या ग्रुपवर नंबर वडिलांचा.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी दरमहा हजार, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. फॉर्म शाळेमार्फत भरायचा, सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. त्याची सूचना शाळेने एका संध्याकाळी ग्रुपवर टाकली. बायचे वडील तेव्हा समुद्रात, रेंज नाही. सहा दिवसांनी लाँच बंदराला लागली, फोन सुरू झाला, तोवर त्या सूचनेवर दोनशे-सव्वादोनशे मेसेज चढलेले. नवरात्रातले रंगांचे फोटो, वाढदिवसाचे केक, कुणाचा हरवलेला डबा. वडिलांनी वर जाऊन पाहिलंच नाही. मी असते तर मीही पाहिलं नसतं.

बायला कळलं डिसेंबरात, वर्गातल्या चार मुली परीक्षेला गेल्या तेव्हा. घरी येऊन ती काही बोलली नाही. आईला दोन दिवसांनी कुणाकडून तरी समजलं. आई कामावर खाडा करून शाळेत गेली, मी सोबत होते. तिथे उत्तर मिळालं, “ग्रुपवर टाकलं होतं.” दोनदा मिळालं. शेवटी मी माझ्या मैत्रिणीच्या फोनवर तो ग्रुप उघडून शोधलं. खरंच टाकलं होतं. फाइलचं नाव म्हणजे नुसते आकडे. आत सात पानं, तिरकी स्कॅन केलेली, आणि शेवटची तारीख तिसऱ्या पानावर.

कुणाला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही. सूचना पाठवणाऱ्याने आपलं काम केलं असं त्याला मनापासून वाटतंय, आणि त्या माऊलीच्या हातून ४८,००० रुपये गेलेत. दोन्ही खरं आहे. मला विचारायचंय ते एवढंच : तुमच्याकडे शाळेचा निरोप घरी कसा येतो? आणि तो पोचला की नाही हे शाळेला कसं कळतं?

---

तिठ्यावरची | १८ जून, रात्री १०:४०

वाचून पोटात कालवलं गं. बाय आता काय करतेय?

---

पाणंदवाट | १८ जून, रात्री १०:५१

नववी सुरू झाली. पुस्तकं माझ्या भाचीची दिलीत. अभ्यास करते नेहमीसारखा.

---

सूचनावही | १९ जून, सकाळी ६:३०

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत ३४ वर्षं होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. ताईंचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

माझं टोपणनावच सूचनावही आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही. मुख्याध्यापक सूचना लिहायचे, खाली सही. शिपाईमामा ती काखेत मारून वर्गावर्गात न्यायचे. तास थांबायचा. शिक्षक सूचना दोनदा वाचायचे, एकदा नेहमीच्या आवाजात, एकदा मुलं लिहून घेतील अशी सावकाश. मग समासात आपली सही. वही परत ऑफिसात आली की मी सह्या मोजायचो. अकरा तुकड्या, अकरा सह्या. दहा असल्या की मामा परत जिना चढायचे. दुसऱ्या दिवशी मुलांच्या वहीत पालकाची सही बघायची. ज्याच्या वहीत सही नाही त्याला वर्गशिक्षक विचारायचे, “घरी कोण असतं रे?”

त्या एका प्रश्नातून आम्हाला घरं कळायची. कुणाचे वडील मुंबईला, कुणाची आई बाळंतपणाला गेलेली, कोण मामाकडे राहतं. फॉर्मची तारीख असली की त्या सात-आठ मुलांकडे वेगळं लक्ष जायचं. ग्रुपवर दोन निळ्या खुणा दिसतात, पण घरी कोण आहे ते त्यातून कळत नाही.

आता नियमाचं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवीच. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेत या समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. पण सल्ला तर देता येतो ना? “सूचना अशी द्या, तशी देऊ नका” हा सल्ला याच समितीने द्यायचा. ताई, तुमच्या शाळेची समिती कुठली, त्यात पालक कोण, एवढं आधी विचारा. नावं फलकावर लावलेली असायला हवीत.

---

झुंजूमुंजू | १९ जून, सकाळी ९:१५

सर, सह्या मोजण्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या शाळेतही मामा यायचे, आणि वही आली की सगळा वर्ग चिडीचूप. उद्या सुट्टी आहे का, एवढंच कान देऊन ऐकायचो.

---

उसाचंपाचट | १९ जून, रात्री ११:०५

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. ताईंनी समुद्राचं लिहिलं, आमच्याकडे ऊस आहे. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीच्या टोळीत जातं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. लेकरं मागं राहिली तर आजीजवळ, हंगामी वसतिगृहात जेवायला. आणि पालक? उसाच्या फडात. मार्च-एप्रिलपर्यंत.

मी सुरुवातीला तेच करायचो जे सगळे करतात. ग्रुप काढला, सूचना टाकत गेलो. “उद्या आरोग्य तपासणी.” “शनिवारी पालकसभा.” चारशे किलोमीटरवरच्या माणसाला पालकसभेचं निमंत्रण! एका आईचा फोन आला. म्हणाली, “गुर्जी, तुमी काय लिव्हता ते मला येत नाही वाचाया. पोराला बोलाया लावा की.”

तेव्हापासून दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, व्हरांड्यात बसतो. बाहेरगावी आई-बाप असलेलं एकेक लेकरू फोनजवळ येतं, आवाजाचा निरोप रेकॉर्ड करायला. आधी ते बोलणार, मग मी. “आई, मला पंधराचा पाढा आला. आजीचा गुडघा दुखतो. मला खेळायला नवा मित्र मिळाला. मी भात सगळा खाल्ला.” मग माझं, तीन वाक्यांत. काय आहे, कधीपर्यंत आहे, तुम्ही काय करायचं. मिनिटाच्या वर जाऊ देत नाही. कोणी रात्री गाडी भरून झाली की ऐकतं, कोणी पहाटे चूल पेटवताना. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) एकाच फोनभोवती चार कुटुंबं ऐकतात, त्यामुळे ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनाही पोचतं.

उत्तर पण आवाजातच मागतो. नुसतं “ऐकलं” म्हणा. ज्यांचं “ऐकलं” रविवारी रात्रीपर्यंत येत नाही, त्यांच्या मुकादमाला सोमवारी फोन. माझ्याकडे नऊ मुकादमांचे नंबर पाठ आहेत.

२०२४ ला अपार आयडीचं काम आलं तेव्हा याचा खरा उपयोग झाला. प्रत्येक मुलाचा बारा अंकी नंबर काढायचा, त्याला पालकांची संमती हवी, आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव आधारवरच्या नावाशी जुळायला हवं. माझ्या वर्गात सात मुलांची नावं जुळत नव्हती. संमतीपत्रं टोळीकडे निघालेल्या माणसाबरोबर पाठवली, काहींचे अंगठे उमटून परत आली. कागदावर उसाचा चिकटा होता. त्या आधी प्रत्येकाला आवाजात समजावलं होतं की हा कागद कशाचा आहे, पैसे कापायचा नाही, कर्जाचा नाही. उचलीचा धसका घेतलेली माणसं कोऱ्या जागेवर अंगठा सहजी देत नाहीत, आणि देऊ पण नये.

एका आईने उलट निरोप पाठवला होता, तो मी अजून जपून ठेवलाय. मागं ट्रॅक्टरचा आवाज. “गुर्जी, त्याचा आवाज बसल्यावाणी वाटतोय, सर्दी झाली का बघा.” खरंच झाली होती. मी समोर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

तिठ्यावरची | १९ जून, रात्री ११:३०

गुरुजी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. शेवटचं वाचून डोळे भरले.

---

कोथरूडकर_पालक | २० जून, दुपारी १:२०

मी अगदी दुसऱ्या टोकाला आहे. पुण्यात खाजगी इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा. आमच्याकडे ॲप आहे. गृहपाठ ॲपवर, हजेरी ॲपवर, बस कुठे आहे ते ॲपवर. दिवसाला आठ-दहा सूचना. फोन इतका वाजतो की मी त्याचा आवाजच बंद करून टाकला होता, आणि त्यातच वेळ बदलल्याची सूचना हुकली.

२०२४-२५ पासून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचे, असा शासनाचा निर्णय आला तेव्हाची गोष्ट. निर्णय चांगलाच, लहान मुलांची झोप होते. पण आमची व्हॅन ठरल्याप्रमाणे पावणेसातला आली, मी लेकीला झोपेतून उठवून बसवलं, आणि ती दीड तास बंद फाटकाबाहेर व्हॅनमध्ये बसून राहिली. पहिलीतली मुलगी. व्हॅनच्या काकांना तर कुणीच कळवलं नव्हतं. ते ॲपवर नाहीत ना. शाळेच्या निरोपाची वाट बघणारे आई-बापाशिवायही असतात, हे त्या दिवशी समजलं. व्हॅनकाका, पाळणाघराच्या मावशी, आजी.

दुसरी गोष्ट जास्त लागली. एका वर्गाच्या ग्रुपवर फी राहिलेल्या मुलांची यादी टाकली गेली. नावं, तुकडी, रक्कम. तासाभरात काढली, पण तोवर सगळ्यांनी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाला दुसऱ्याने विचारलं, “तुझ्या पप्पांकडे पैसे नाहीत का?” आठ वर्षांची मुलं. त्या मुलाच्या आईने नंतर त्याला त्या शाळेतून काढलं.

आम्ही काही पालक मग भेटलो. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, त्यात प्रत्येक खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ हवा आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडतीने निवडायची. आमच्याकडे तोवर शाळाच नावं ठरवायची. सोडत लावून घेतली. समितीत बसल्यावर पहिल्या बैठकीत दोनच मागण्या ठेवल्या. कुठल्याही मुलाचं नाव, मार्क, फी, आधार, बँक खातं ग्रुपवर येणार नाही. आणि तातडीच्या सूचनेला वेगळा आवाज असेल, गृहपाठाला वेगळा. दुसरी गोष्ट ॲपवाल्यांनी दोन दिवसांत करून दिली. इतकी वर्षं कुणी मागितलीच नव्हती.

---

नाममात्र | २० जून, दुपारी २:०५

नावांच्या याद्यांबद्दल +१००. शिष्यवृत्तीच्या याद्यासुद्धा. ज्या मुलाला मदत मिळते त्याच्या घरची परिस्थिती सगळ्या गावाला का सांगायची?

---

खडूफळा | २० जून, रात्री ९:४८

मी शिक्षिका. थोडं आमच्या बाजूनेही लिहिते, रागावू नका.

माझ्याकडे दोन वर्ग, पटावर ५१ मुलं. सकाळी पोषण आहाराची नोंद, तांदळाचा हिशेब, यूडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, मूल्यमापनाचे गुण भरणं, मतदार यादीचं काम. वरून जे पत्र येतं ते बहुतेक वेळा “आजच माहिती सादर करा” असं येतं. एनएमएमएससारखं सात पानी पत्र मला संध्याकाळी सहाला मिळतं. मी ते वाचून, त्याचा चार ओळींचा निरोप करून, ५१ घरांना त्यांच्या त्यांच्या पद्धतीने कळवायचं, हे मला मनापासून करायचंय. पण हात दोन आहेत. तेव्हा पीडीएफ पुढे ढकललं जातं. ताई, तुमच्या शाळेतल्या त्या माणसाची बाजू ही असू शकते.

मला उपाय सापडला तो माता पालक गटांतून. पहिलीच्या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यासाठी आमच्याकडे वाड्यावाड्यांत हे गट केले, प्रत्येकात एक लीडर माता. मेळावा झाला की गट विरून जातात. मी ते मोडू दिले नाहीत. सात वाड्या, सात लीडर माता. मी सातजणींना फोनवर सांगते, प्रत्येक जण आपल्या सात-आठ घरी सांगते. धुणं धुताना, पाणी भरताना, रेशनच्या रांगेत. आणि मला उलट सांगते, कोण घरी नव्हतं. एक जण तर नववी नापास आहे, पण तिच्या वाडीतला एकही फॉर्म आजवर राहिलेला नाही. तिला मी पालकसभेत पुढच्या खुर्चीवर बसवते.

---

पाणंदवाट | २० जून, रात्री १०:१५

रागावू कशाला? तुमचं लिहिलेलं वाचून त्या माणसाबद्दलची माझी अढी कमी झाली. आणि लीडर मातेचं फार आवडलं. आमच्या पाखाडीत हे होऊ शकतं. बायची आई वाचू शकत नाही पण तिच्याइतकी माणसं मला सुद्धा माहीत नाहीत.

---

म्हांबरे_फोंडा | २१ जून, सकाळी ८:००

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झालं. ७ एप्रिलला वर्ग भरले, उन्हामुळे सकाळी साडेअकराला सोडायचे. एवढा मोठा बदल, पण बातमी आधी वर्तमानपत्रात, मग कोर्टात गेली म्हणून, मग चहाच्या टपरीवर, आणि शाळेकडून सगळ्यात शेवटी. आई-बाप दोघं कामाला, मूल साडेअकराला घरी, जेवायला कोण घालणार हा प्रश्न प्रत्येक घरात. आमच्या मराठी शाळेच्या पालक-शिक्षक संघाने एक छान केलं. एका कागदावर वर्षाचं वेळापत्रक छापलं, मोठ्या टायपात. मे महिन्याची सुट्टी कधी, चतुर्थीची किती दिवस, परीक्षा कुठल्या आठवड्यात. घरटी एक प्रत, फ्रीजवर किंवा देवघराच्या भिंतीला लावायला. माझ्या आईने तो कालनिर्णयाच्या शेजारी लावलाय आणि मला विचारायची गरज तिला पडत नाही.

---

भातखाचर | २१ जून, दुपारी ४:३५

पावसाळा लागलाय म्हणून मुद्दाम. मी रायगडचा. दर जुलैत अतिवृष्टीच्या सुट्टीची पत्रं फिरतात, त्यात खोटी पण असतात. मागच्या वर्षीच्या पत्राची फक्त तारीख बदललेली. सुट्टी जाहीर करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. पत्र आलं की तीन गोष्टी बघा : जावक क्रमांक, तारीख-वार जुळतो का, आणि जिल्हा माहिती कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर तेच आहे का. वार चुकलेला असतो हटकून.

आमच्या मुख्याध्यापिका रात्री सुट्टी आली की स्वतः बोलून पाठवतात. “मी बोलतेय, उद्या शाळा नाही.” आवाज ओळखीचा, त्यामुळे कुणी फसत नाही. आणि सुट्टी नसली तरी पाठवतात, “उद्या शाळा आहे, पण साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) पाणी असेल तर पलीकडच्या मुलांनी येऊ नये, हजेरी लावीन.” हे शेवटचं फार मोलाचं. हजेरी जाईल म्हणून पोरं पाण्यातून यायची आधी.

---

चिंचपेटी_एनजे | २१ जून, रात्री ११:५०

न्यू जर्सीहून. आमची बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेली रविवारची मराठी शाळा, शिकवणारे सगळे पालकच. इथल्या शाळेचा निरोप इमेलवर येतो आणि तो वाचायची सवय आहे, पण आजी-आजोबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात त्यांना काहीच कळत नाही. म्हणून आम्ही मराठी शाळेचं पत्रक मुलांकडूनच लिहून घेतो. “प्रिय आजी, पुढच्या रविवारी आमची गोष्ट सांगायची स्पर्धा आहे, मी टोपीवाल्याची सांगणार आहे.” वेलांट्या चुकतात, तशाच ठेवतो. आजी चष्मा लावून ते दोनदा वाचते आणि स्पर्धेला दहा मिनिटं आधी येऊन बसते.

---

सूचनावही | २२ जून, सकाळी ६:१०

वा. मुलांनी लिहिलेलं घरात वाचलं जातंच.

पाणंदवाट ताई, बायसाठी दोन गोष्टी. एनएमएमएस फक्त आठवीत देता येते, ती संधी गेली. पण जातीचा दाखला असेल तर नववी-दहावीसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते, ती शाळेत आणि समाजकल्याणच्या कार्यालयात दोन्हीकडे विचारा, एकाच ठिकाणी विचारून थांबू नका. उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग असते.

आणि यंदाच्या आठवीच्या पालकांसाठी, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : एनएमएमएसला पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०), आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा. निवड झाल्यावरही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. ते राहिलं की मिळालेली शिष्यवृत्ती थांबते. निवड झालेल्या मुलांचे पैसे असे थांबलेले मी पाहिलेत, आणि तिथेही उत्तर हेच होतं, कळवलं होतं.

---

पाणंदवाट | १३ जुलै, रात्री ९:३०

तीन आठवड्यांनी येतेय. पाऊस, लावणी आणि शाळेच्या दोन बैठका.

सरांनी सांगितलं तसं आधी समितीची नावं विचारली. फलकावर नव्हती, दुसऱ्या दिवशी लागली. समितीतल्या दोन पालकांना घेऊन मुख्याध्यापिकांना भेटले. मी इथले प्रतिसाद एका वहीत उतरवून नेले होते. बाईंनी वही घेतली आणि सगळं वाचलं, आम्ही समोर बसून होतो. उसाच्या फडाचं वाचताना थांबल्या. मग म्हणाल्या, “आपल्याकडे लाँचवरचे किती आहेत?” कुणालाच आकडा माहीत नव्हता. वर्गशिक्षकांनी दोन दिवसांत काढला. पाचवी ते दहावी मिळून ३८ मुलांचे वडील बोटीवर, आणि त्यातल्या २९ जणांचा ग्रुपवरचा नंबर वडिलांचाच. ते २९ नंबर बदलून आईचे, आजीचे किंवा शेजारचे घेतले. बायच्या घराचा आता माझा आहे.

ग्रुपवर आता फक्त शाळेनेच लिहायचं. केक आणि फोटोंसाठी वेगळा काढलाय, ज्याला हवं त्याने यावं. तारीख असलेली प्रत्येक सूचना तीन ओळींत आणि पुढे बाईंच्या आवाजात.

आणि एक फळा. जुन्या प्रयोगशाळेतला, पाय तुटलेला होता, सुताराने पाय लावून दिले. तो शाळेत नाही, बंदरावर ठेवलाय, बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्याखाली. सगळ्या बायका मासळीच्या लिलावाला तिथून जातात. दर सोमवारी नववीच्या मुली शाळेत जाता जाता लिहितात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बर्फवाले काका वाचून दाखवतात, ते त्यांनी स्वतःहून कबूल केलं. पहिल्या सोमवारचा मजकूर :

“आठवी. शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. वर्षाला १२,००० मिळतात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. फॉर्मची तारीख आली की इथेच लिहू. शंका असेल तर बुधवारी चारनंतर शाळेत या.”

अक्षर बायचं आहे.

---

उसाचंपाचट | १३ जुलै, रात्री १०:०२

ताई, फळा किती उंचीवर लावलाय? डोक्यावर टोपली असली की बायकांना मान वर करता येत नाही.

---

पाणंदवाट | १३ जुलै, रात्री १०:२०

हे डोक्यातच आलं नव्हतं. छातीच्या वर आहे. उद्या सुताराला सांगून वीतभर खाली घेते. आणि खडू दमट हवेत उमटत नाही, त्यावर कुणाकडे काही आहे का?

---

खडूफळा | १३ जुलै, रात्री १०:३३

फळा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या, ओल्याने नको. खडू पत्र्याच्या डब्यात तांदळाच्या दाण्यांत पुरून ठेवा. आम्ही पोषण आहाराच्या खोलीत ठेवतो, पावसाळाभर चालतात.